स्टेनोबाईंनी वगळलेलं वाक्य

“आ कर,” बाप म्हणाला आणि सात वर्षांच्या ठकूने मुकाट्याने तोंड उघडले. त्याने तिच्या जिभेवर गोळी ठेवली, पाणी पाजले, ती गिळली की नाही हे बघायला पुन्हा एकदा ‘आ’ करायला लावले, मग कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कार्डावर तारखेपुढे सही ठोकली, कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली गळ्यातल्या दोरीसकट शर्टाच्या आत सोडली. तो लिफ्टचा मेकॅनिक होता. तपासणी झाली की कार्डावर सही, ही त्याच्या कामाची शिस्त. पण ते कार्ड घरातल्या औषधांच्या कपाटात आले त्याला आता तीन महिने झाले होते. आणि हे सगळे चालले असताना ठकूची आई दोन पावलांवर भिंतीला टेकून उभी होती... पोटच्या पोरीच्या औषधाला हात लावायची तिला मनाई होती!

“उद्या दुपारच्या गाडीचं तिकीट काढलंस ना?” त्याने बायकोकडे न बघताच विचारले.

“काढलं.”

“ठकू इथंच राहील. माझी ताई येतेय सोमवारी. ती बघेल तिचं.” मग जरा थांबून, आवाज उतरवून तो म्हणाला, “मी मुद्दाम छळत नाहीये तुला. पण मी चौदाव्या मजल्यावर लिफ्टच्या शाफ्टमध्ये लटकलेला असतो आणि डोक्यात एकच, की पोरीला गोळी मिळाली का नाही. असं काम होत नाही माझ्यानं.”

 बायकोने ठकूच्या कपाळावरचे केस मागे सारले, तर तिथला सात टाक्यांचा व्रण दिसला, म्हणून घाईघाईने ते पुन्हा पुढे ओढले.

टेबलापाशी त्याची आई, म्हणजे ठकूची आजी, पेन्सिलीला टोक काढत बसली होती. आजीला गल्लीत, चर्चच्या मंडळीत, वाण्याकडेसुद्धा सगळे स्टेनोबाई म्हणत. एकतीस वर्षे कोर्टात शॉर्टहँड लिहिण्यात गेली होती. चोर, वकील, खुनी, साक्षीदार, जो जे बोलेल ते तिच्या वहीत जसेच्या तसे उतरे. अशी ही बाई तीन महिने रोज सकाळी ठरवत होती, ‘आज सांगायचंच!’ आणि रोज न्याहारीची ताटे-भांडी उचलेपर्यंत तिचा धीर गळून पडत होता. दुसऱ्यांचे बोलणे मिनिटाला शंभर शब्दांनी टिपणाऱ्या या बाईला स्वतःचे एक वाक्य बोलता येत नव्हते!

कारण गोळ्या सुनेने चुकवल्याच नव्हत्या. त्या आजीने चुकवल्या होत्या.

ठकूला चौथ्या वर्षापासून आकडी येई. डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या आणि दोन वर्षे सगळे ठीक चालले. सून इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायला पहाटे बाहेर पडे. जाताना दिवसाच्या दोन गोळ्या वाटीत काढून ठेवी आणि आजी त्या नेमाने सकाळ-संध्याकाळ ठकूला देई. याच्या आधीपासूनच स्टेनोबाई जुनी मंडळी सोडून एका नव्या सभेत जाऊ लागल्या होत्या, आणि आपल्यासोबत सुनेलाही ओढून नेऊ लागल्या होत्या. तिथल्या उपदेशकाला लोक ‘संदेष्टे’, म्हणजे प्रभूचा निरोप आणणारे, म्हणत. देखणा, मृदू बोलणारा माणूस. बोलता बोलता डोळे मिटी आणि म्हणे, “प्रभू मला आत्ता सांगतोय...” जुन्या पाळकांच्या तोंडून असे कधी निघाले नव्हते, ते बिचारे शास्त्र उघडून वाचत, समजावत आणि चष्मा शोधत. स्टेनोबाईंना वाटे, इतकी वर्षे आपण वाळलेली भाकरी चावली, आता ताजी मिळतेय! त्यांनी आपणहून संदेष्ट्यांची प्रवचने वहीत उतरवायला घेतली, टाइप करून पक्क्या प्रती काढल्या, आणि वर्षभरात त्या प्रतींशिवाय सभेचे पान हलेना.

मग एका रविवारी संदेष्ट्यांनी ठकूला पुढे बोलावले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. “आजपासून चाळीस दिवसांत ही मुलगी पूर्ण बरी होईल. गोळी बंद करा. गोळी म्हणजे संशय, आणि संशयाच्या घरात प्रभू पाऊल ठेवत नाही. हे मी बोलत नाही, प्रभू बोलतो!”

स्टेनोबाईंनी ते शब्द टिपले. सुनेची त्या दिवशी धुलाईघरात कामाची पाळी होती, ती सभेला नव्हती. मुलगा तर सभेच्या वाऱ्याला उभा राहत नसे. दुसऱ्या सकाळी आजीने वाटीतली गोळी उचलली, ठकूच्या तोंडापाशी नेली... आणि परत घेतली. नातीवर प्रेम नव्हते म्हणून नव्हे हो! इतके प्रेम होते की तिच्यासाठी जरा जास्तच मोठा विश्वास दाखवावा असे वाटले. फेकून देणे मात्र जमेना. कोर्टात जन्म गेलेली बाई, वस्तू नष्ट करायची नाही हे हाडीमाशी खिळलेले; तिने त्या गोळ्या पेन्सिलींच्या रिकाम्या डबीत ठेवल्या. अकरा दिवस. बावीस गोळ्या.

बाराव्या दिवशी ठकूला आकडी आली ती जिन्यावर. सहा पायऱ्या ती गडगडत गेली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, रक्तात औषधाचा अंशही नाही, हे झालं कसं? मुलगा दाराशी पांढराफटक पडून उभा होता. “गोळ्या कुणी चुकवल्या?” त्याने विचारले, आणि आजीने ओठ उघडले, पण शब्द फुटण्याआधीच सून म्हणाली, “माझ्यामुळं झालं. पाकीट संपलं होतं. आज आणू, उद्या आणू करत राहून गेलं.”

ती डबी तिला त्याच दिवशी, ठकूचे कपडे न्यायला घरी आली तेव्हा सापडली होती. तिने ती मोरीत रिकामी केली होती, आणि सासूला नंतर स्वयंपाकघरात एवढेच म्हणाली होती, “तुम्ही बोलू नका, आई. माझ्यावर चिडले तर चार दिवस चिडतील नि विसरतील. तुमच्यावर चिडले तर जन्मभर तोंड बघणार नाहीत. मी ओळखते त्यांना.”

चार दिवस! बिचारीचा हिशेब साफ चुकला. चार दिवसांचे तीन महिने झाले, कपाटाला कुलूप आले, आणि आता ती घर सोडून भावाकडे निघाली होती... तरी तिच्या तोंडून सासूचे नाव निघाले नव्हते. आणि सासू मूग गिळून पेन्सिलीला टोक काढत होती!

एवढ्यावरही थांबले नव्हते. ठकू बरी झाली नाही म्हटल्यावर सभेत कुजबुज सुरू झाली, तेव्हा संदेष्ट्यांना नवा साक्षात्कार झाला: मुलीच्या आईने चोरून गोळ्या चालू ठेवल्या, म्हणून वरदान परत गेले. म्हणजे घरात गोळ्या न दिल्याचा दोष आणि सभेत गोळ्या दिल्याचा दोष, दोन्ही एकट्या सुनेच्या माथी! हे दोन्ही खोटे आहे हे सुनेखेरीज सगळ्या जगात एकट्या स्टेनोबाई जाणत होत्या. आणि साक्षात्काराचे ते वाक्यही त्यांनीच, वळणदार हाताने, वहीत उतरवून घेतले होते.

आता त्या सुनेने उद्याच्या सभेत उभे राहून ‘कबुली’ द्यावी, असा संदेष्ट्यांचा निरोप होता.

“जाता जाता तेही करून जाते,” मुलगा कामावर गेल्यावर ती बॅगेत कपडे भरता भरता म्हणाली. “नाही केलं तर ते तुम्हाला वाळीत टाकतील. मी काय, निघालेच आहे. तुम्हाला तिथं रोज जायचंय, आई.”

“पोरी, असं नको गं...”

“मग काय करू, सांगा?”

 स्टेनोबाई आपल्या कोपऱ्यात जाऊन कामाला बसल्या. संदेष्ट्यांच्या चार वर्षांच्या प्रवचनांचे पुस्तक निघायचे होते, शेवटचे प्रकरण या कबुलीचे, आणि त्याआधी तारखा पडताळायच्या होत्या. एका बाजूला शॉर्टहँडच्या वह्या, दुसऱ्या बाजूला टाइप केलेल्या प्रती. पहिल्याच वर्षाच्या वहीवर त्यांचे बोट थांबले. वहीत होते, ‘आजारी शिंपीबंधू पुढच्या रविवारी आपल्या पायांनी चालत येईल.’ प्रतीत होते, ‘शिंपीबंधू प्रभूकडे चालत जाईल.’ शिंपीबंधू शुक्रवारी वारला होता. त्या आठवड्यात त्यांनीच ते वाक्य सारखे केले होते, ऐकताना आपलीच चूक झाली असणार, असे मनाला समजावून. पुढच्या वहीत तसेच एक. त्याच्या पुढच्या वहीत दोन. त्यांनी मोजले. सतरा जागा! सतरा वेळा तो माणूस प्रभूचे नाव घेऊन खोटा पडला होता आणि सतरा वेळा त्यांनी त्याला पाठीशी घातले होते. लहानपणी रविवारच्या शाळेत शिकलेली साधी गोष्ट, की प्रभूच्या नावाने बोललेले घडले नाही तर ते प्रभूचे नव्हेच, ती काय त्यांना ठाऊक नव्हती? पण ती पारखण्याची संधीच त्यांनी कुणाला ठेवली नव्हती. लोक प्रती वाचत, आणि प्रती तर नेहमी खऱ्या ठरत!

अठरावी जागा ठकूची. ‘गोळी बंद करा’ हे वाक्य प्रतीत नव्हतेच. ते मात्र त्यांनी आपणहून काढले नव्हते. ठकू इस्पितळात असताना संदेष्टे स्वतः म्हणाले होते, “बाई, तेवढं वाक्य वगळा. बाहेरच्यांना पचायचं नाही.”

प्रभू बोलला होता, तर प्रभूचे वाक्य वगळायचे कशाला?

त्या वही उचलून दुपारीच सभागृहात गेल्या. संदेष्टे खुर्च्यांच्या रांगा सरळ करवून घेत होते. बाईंनी ते पान उघडून पुढे धरले. “हे पुस्तकात परत घालायचं का, ते विचारायला आले.”

त्यांनी पानाकडे हसून पाहिले. त्यांना त्या रेघोट्या वाचता येत नव्हत्या. “काय लिहिलंय?”

बाईंनी वाचून दाखवले.

“असं मी म्हणालोच नव्हतो,” संदेष्टे अगदी मायेने म्हणाले. “वय होतं, बाई, ऐकण्यात फरक पडतो. तुमची वही चुकली.”

झाले! नातीच्या कपाळातून रक्त वाहिले तेव्हा उघडले नव्हते, सून भिंतीला टेकून उभी राहिली तेव्हा उघडले नव्हते, ते स्टेनोबाईंचे डोळे ‘तुमची वही चुकली’ या तीन शब्दांनी खाडकन उघडले. घरी परतताना रस्त्यात त्यांना याचीच सर्वांत जास्त शरम वाटत होती. बाळाच्या जखमेने जे झाले नाही ते आपल्या दुखावलेल्या तोऱ्याने झाले... एवढे का दगडाचे काळीज आहे आपले! त्या चालता चालता म्हणाल्या, ‘प्रभू, मी कुठल्या का दारानं येईना, मला आत घे.’

रविवारी सकाळी सभागृह भरले होते. मुलगा बॅग घेऊन मागच्या दाराशी उभा होता. सभा आटोपली की तो बायकोला थेट स्टेशनवर सोडणार होता. ठकू त्याचे बोट धरून होती. स्टेनोबाई नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, मांडीवर वही. गाणी झाली, आणि संदेष्ट्यांनी हात पुढे करून सुनेला बोलावले.

ती उठली. माइकपाशी गेली. पहिला शब्द माइकमध्ये नुसता श्वास होऊन गेला. “मी... माझ्या मुलीला... चोरून...”

“थांब!”

आवाज कुणाचा, हे क्षणभर स्वतः स्टेनोबाईंनाही कळले नाही. त्या उभ्या होत्या. पेन्सिल खाली पडून घरंगळत गेली होती. वही हातात घट्ट होती.

“ती खोटं बोलतेय,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी खोटं बोलतेय. तिनं चोरून गोळ्या दिल्या नाहीत, आणि तिनं गोळ्या चुकवल्याही नाहीत.” त्यांनी मागे वळून थेट दाराकडे पाहिले. “ऐकतोयस ना रे? तिनं रोज वाटीत काढून ठेवल्या. मी दिल्या नाहीत. अकरा दिवस. तुझ्या लेकीला जिन्यावरून मी पाडलं!”

 संदेष्टे पुढे झाले. “बाईंना बरं नाहीये. कुणीतरी त्यांना बाहेर हवेत...”

“काल हे मला म्हणाले, असं मी म्हणालोच नव्हतो,” स्टेनोबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकाएकी कोर्टातला झाला. “एकतीस वर्षं कोर्टात खोटं बोलणारा प्रत्येक माणूस हेच म्हणायचा. मग न्यायाधीश मला म्हणायचे, वाचा. आज कुणी सांगत नाहीये, तरी वाचते.”

आणि त्यांनी वाचले. तारखेसकट, अठरा जागा. वहीत काय आहे ते, आणि मग प्रतीत आपण काय केले ते. शिंपीबंधूची बायको दुसऱ्या रांगेत होती. तिने तोंडावर हात दाबला. चाळीस दिवसांचे वाक्य आले तेव्हाही त्यांनी एकही शब्द गाळला नाही.

“यांनी खोटं सांगितलं, आणि मी ते खरं करून छापलं,” त्या शेवटी म्हणाल्या. “यांच्यापेक्षा माझा गुन्हा कमी आहे असं मला वाटत नाही. मी शास्त्र वाचलं होतं. आपल्या प्रभूनं किती आजाऱ्यांना बरं केलं. त्यातल्या एका तरी आईला त्यानं दटावलं का, की तू वैद्याकडे का गेलीस? प्रभूचं चरित्र, शुभवर्तमान, लिहिणाऱ्यांतला एक तर स्वतः वैद्य होता. हे मला पाठ होतं! पण मला प्रभू नको होता, मला चमत्कार हवा होता... आणि तोही लवकर.”

मागून कुणीतरी ओरडले, “सैतान बोलतोय तिच्या तोंडून!” अर्धे लोक जागेवरून हलले नाहीत, चार वर्षांचा विश्वास असा एका वहीने उडत नसतो. पण एक म्हातारा माणूस घाबऱ्या चेहऱ्याने जवळ आला. “माझ्या बायकोचं साखरेचं औषध बंद केलंय हो, महिना झाला. काय करू?”

“आत्ता उठा,” स्टेनोबाई म्हणाल्या, “आणि तिला डॉक्टरकडे न्या. प्रार्थना रिक्षात करा.”

तो खरेच उठून गेला.

 गाडीची वेळ टळून गेली, तिचे नावही कुणी काढले नाही. घरात शिरल्यावर मुलाने बॅग खाली ठेवली, गळ्यातली किल्ली काढली आणि बायकोसमोर धरली.  “तीन महिने... तीन महिने तू इथं भिंतीला... आणि मी...” धिप्पाड माणूस, पण लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. तिने किल्ली घेतली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “तुम्ही ठकूसाठी केलंत,” एवढेच म्हणाली.

मग तो आईकडे वळला. स्टेनोबाई डोळे मिटून उभ्या होत्या, जे येईल ते घ्यायला तयार.  “मला आज तुझ्याशी बोलता येणार नाही, आई,” तो म्हणाला. “उद्याही नाही बहुतेक. पण तू कुठं जाऊ नकोस.” आणि तो आतल्या खोलीत गेला.

स्टेनोबाई सुनेच्या पायाशी वाकू गेल्या, तशी ती विजेचा धक्का बसावा तशी मागे सरली.

“नाही!” ती ओरडली. आठ वर्षांत या घरात तिचा आवाज कधी चढला नव्हता. “पाया नका पडू! पाया पडलात की मला लगेच माफ करावं लागेल, आणि मला नाही करायचंय! मला राग आलाय तुमचा, आई! तुम्ही बघत होतात! रोज सकाळी तिथं बसून बघत होतात! मी म्हटलं असेल बोलू नका, पण तुम्ही ऐकलंत कसं? एकदा तरी म्हणायचं होतंत, की नाही, मी बोलणारच! मी रोज वाट बघत होते... रोज!”

“हो गं पोरी,” स्टेनोबाई रडत म्हणाल्या. “हो. बोल. अजून बोल.”

ती बोलली. पोटभर बोलली, रडली, एक पेला आपटून फोडला आणि मग स्वतःच काचा गोळा करू लागली. स्टेनोबाईंनी सुपली धरली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना श्वास घेता येत होता. खोट्या मायेखाली त्या गुदमरून गेल्या होत्या, आणि हा खरा राग त्यांना मोकळ्या हवेसारखा वाटत होता.

दुपार टळता टळता भात शिजला. मुलगाही येऊन बसला, कुणाकडे न बघता. जेवणाआधीची प्रार्थना या घरात नेहमी स्टेनोबाई करीत. सगळ्यांचे डोळे सवयीने त्यांच्याकडे वळले, ठकूने तर हात जोडलेसुद्धा. स्टेनोबाईंनी मान हलवली. “माझ्यानं नाही होणार आज. सूनबाई, तू कर.”

सुनेने डोळे मिटले. तिला सुंदर प्रार्थना करता येत नसे.

“प्रभू,” ती म्हणाली, “हे जेवण दिलंस, उपकार झाले. ठकूला सांभाळ. ज्यांनी तिचं औषध शोधून काढलं त्यांचं भलं कर. सभेतल्या त्या बाकीच्या माणसांना घरी आण.” ती थांबली.  “आणि आईंना क्षमा कर. मला अजून जमत नाहीये. मला जमेपर्यंत... तू कर.”

डोळे मिटूनच तिने टेबलावरून हात पुढे केला आणि सासूचा हात चाचपडत शोधून धरला.

“आमेन,” सर्वांत आधी ठकू म्हणाली, कारण तिला फार भूक लागली होती. मग मुलगा म्हणाला. स्टेनोबाईंना बराच वेळ लागला, पण त्या म्हणेपर्यंत कुणीही जेवायला सुरुवात केली नाही.